तुम्ही कुठल्या मंडळीच्या?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला आमच्या प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप आला. "मुलगा सीपीआरला आयसीयूत आहे. डेंग्यू. प्लेटलेट उतरल्यात. सगळ्यांनी प्रार्थना करा." खाली जोडलेले हात. सीपीआर म्हणजे आमचं कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय. पाठवणारी बाई ग्रुपवर नवी होती. माझ्याकडं तिचं नावही साठवलेलं नव्हतं, नुसता नंबर दिसत होता.

दोघातिघांनी 'आमेन' लिहिलं. मग एका बंधूंनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही कुठल्या मंडळीच्या?" मंडळी म्हणजे चर्च, पंथ.

थोड्या वेळानं उत्तर आलं. "आम्ही रोमन. आजऱ्याकडचे." रोमन म्हणजे कॅथलिक.

पुढच्या अर्ध्या तासात काय काय आलं ते मी अजून पुसलेलं नाही. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, हे वचन एकानं पाठवलं. दुसऱ्यानं मूर्तिपूजेवरचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. तिसऱ्यानं लिहिलं की आधी तारण, म्हणजे पापातून सुटका, झालं पाहिजे, मग प्रार्थना ऐकली जाते. पोरगं आयसीयूत, आई बाहेर बाकड्यावर, हातात मोबाइल, आणि त्या मोबाइलवर हे. बारा वाजून दहा मिनिटांनी स्क्रीनवर करड्या अक्षरांत ओळ आली, त्या नंबरनं ग्रुप सोडला.

ग्रुपचे आम्ही तीन अ‍ॅडमिन. मी जागी होते, सगळं वाचत होते. मी एक शब्द लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या तिघांत बोलणं झालं. एकाचं म्हणणं, इथून पुढं ग्रुपवर पंथाचं नावच काढायचं नाही. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही, इथं सगळे फक्त ख्रिस्ती. दुसऱ्याचं म्हणणं बरोबर उलट. ग्रुपमध्ये येतानाच प्रत्येकानं नावापुढं मंडळी लिहावी, म्हणजे कोण कुठून बोलतंय ते कळेल आणि गैरसमज होणार नाहीत. दोघंही भले आहेत. दोघांनाही त्या रात्रीचं वाईट वाटलं होतं. "ताई, तुम्ही ठरवा," म्हणाले. मला पंधरा दिवस ठरवता आलं नाही, कारण हा प्रश्न मी जन्मल्यापासून आमच्या घरात जेवायला बसलेला आहे.

माझे वडील मूळ कोडोलीचे. पन्हाळ्याच्या पायथ्याला उसाच्या रानात वसलेलं गाव. तिथं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं ठाणं होतं, दवाखाना होता. पणजोबा तिथं ख्रिस्ती झाले. आजोबा नोकरीसाठी कोल्हापुरात आले आणि वायल्डर मेमोरियल चर्चचे सभासद झाले. डावीकडून तिसरं बाक आमचं. तसं कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

रॉयल गूल्ड वायल्डर हा अमेरिकन मिशनरी 1852 च्या डिसेंबरात कोल्हापुरात आला. त्याच्या आयुष्याकडं बघितलं की मला नेहमी वाटतं, कोल्हापूरच्या ख्रिस्ती माणसानं पंथाच्या नावाबद्दल बोलण्याआधी एकदा त्याची हकिगत आठवावी. तो आला अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेच्या वतीनं. पुढं बोर्डाशी त्याचं बिनसलं, तेव्हा तो कोल्हापूर सोडून गेला नाही. कित्येक वर्षं कुणाच्याच नावाखाली न राहता एकट्यानं काम रेटलं. मग 1870 च्या सुमाराला प्रेस्बिटेरियन बोर्डानं ते काम आपल्याकडं घेतलं. वीस वर्षांत एका माणसाच्या तीन ओळखी. आणि त्याच्याकडून ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या इथल्या माणसांना या बदलातलं कितीसं कळलं असेल? त्यांच्यासाठी तो वायल्डरसाहेबच होता.

पुढं 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक होऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली. मग 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आपली सीएनआय, स्थापन झाली. तिच्यात अँग्लिकन आले, बाप्टिस्ट आले, ब्रदरेन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट आले. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट शेवटच्या क्षणी बाहेर राहिले. माझी आजी या सगळ्यातून त्याच बाकावर बसून गेली. जन्मली तेव्हा प्रेस्बिटेरियन, लग्नात युनायटेड, म्हातारपणी सीएनआय. तिला विचारलं, "आजी, आपण कोण?" तर म्हणायची, "आपण मिशनातली." चौथंच उत्तर.

महाराष्ट्रातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांचं असंच आहे. माणूस पंथ सांगतो तेव्हा आपल्या पणजोबाच्या गावाचा पत्ता सांगत असतो. नगरकडचा असेल तर काँग्रिगेशनल, कारण तिथं अमेरिकन मराठी मिशन होतं. जालन्याकडचा स्कॉटिश. नाशिकजवळच्या शरणपूरचा असला तर चर्च मिशनरी सोसायटीचा, म्हणजे अँग्लिकन. डहाणूकडचा ब्रदरेन. वसईचा कॅथलिक, तेही पार पोर्तुगीजांपासून. कोल्हापूर, मिरज, सांगलीचा प्रेस्बिटेरियन, मधूनच एखादा अँग्लिकन. मिशनांनी बऱ्याच ठिकाणी आपापसात मुलूख वाटून घेतले होते, एकाच्या गावात दुसऱ्यानं सहसा शिरायचं नाही असा संकेत होता. ज्याच्या शिकवणीतून प्रेस्बिटेरियन पंथ निघाला तो जॉन कॅल्व्हिन कोण आणि त्यानं जिनिव्हात काय मांडलं, हे आमच्या पणजोबांना विचारायला कुणी गेलं नव्हतं. कोडोलीत जो दवाखाना निघाला, जी शाळा निघाली, तिच्या दारातून ते आत गेले. दार प्रेस्बिटेरियनांचं होतं म्हणून ते प्रेस्बिटेरियन.

म्हणून मंडळीच्या नावावरून कुणी छाती काढून भांडायला लागला की मला त्याच्या पणजोबांची आठवण होते, ते कुठल्या गावच्या कुठल्या झाडाखाली पहिलं शुभवर्तमान ऐकत बसले असतील त्याची.

पण हे इतकंच असतं तर मी पहिल्या अ‍ॅडमिनच्या बाजूनं हात वर केला असता. पत्ताच तर आहे, नाही सांगितला तरी काय बिघडतं! बिघडतं, हे मला आईनं शिकवलं.

आई आजरा तालुक्यातली, कॅथलिक. तिच्याकडचे लोक पिढ्यांमागं गोव्याहून वर घाटावर आलेले. घनसाळ भाताची शेती, घरात कोकणी, बाहेर मराठी. वडिलांशी तिचं लग्न आमच्या चर्चमध्ये झालं. कॅथलिक नियमाप्रमाणं अशा लग्नाला बिशपांची परवानगी लागते. ती घेतलेली नव्हती. त्यामुळं माहेरी गेली की रविवारी ती मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जायची, सगळ्या प्रार्थना म्हणायची, आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी रांग पुढं सरकायला लागली की जागेवर बसून राहायची. मी सात-आठ वर्षांची असेन. मी तिला कोपरानं ढोसलं, "आई, चल की." ती म्हणाली, "आपल्याला नसतंय." तेवढंच. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो.

इकडं आमच्या चर्चमध्ये तिला प्रभुभोजनाला, म्हणजे आमच्याकडच्या ख्रिस्तप्रसादाला, बोलवायचे, ती घ्यायची. पण पर्समध्ये जपमाळ असायची, हे काही बायांना खटकायचं. "अजून सोडली न्हाई का?" असं एकीनं विचारलेलं मी ऐकलंय. आई रात्री भांडी आवरून झाल्यावर स्वयंपाकघरात दिवा बारीक करून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची, कोकणीत. नमान मोरिये... आम्ही बाहेरच्या खोलीत अंथरुणात. वडील प्रेस्बिटेरियन घरातले, पण त्या वेळी ते रेडिओ बंद करायचे.

तेव्हा पंथ हा नुसता पत्ता नव्हे, हे मला फार लवकर कळलं. कोण कुठल्या मेजाशी जेवतो आणि कोण जागेवर बसून राहतो, हे त्यानं ठरतं. ग्रुपवर "आपण सगळे एकच" असं लिहिलं म्हणून ती रांग आईला घेऊन पुढं गेली नसती. आई चाळीस वर्षं दोन मंडळ्यांच्या मधे उभी होती आणि तिचं हे उभं राहणं कुणाला दिसू नये अशीच सगळ्यांची इच्छा होती, कारण दिसलं की प्रश्न पडतो. नाव झाकलं की जखम बरी होत नाही, एवढंच होतं की कुणाला बांधावी लागत नाही.

तसं पाहिलं तर आम्ही झाकून झाकणार किती? तोंड उघडलं की कळतंच. 'मिस्सा' म्हणणारा कॅथलिक, 'उपासना' म्हणणारा आमच्यातला, 'मीटिंग' म्हणणारा चर्चऐवजी हॉलमध्ये जमणाऱ्यांतला. एक 'स्नानसंस्कार' म्हणतो, दुसरा 'बाप्तिस्मा'. एकाचे फादर, एकाचे पाळकसाहेब, एकाचे ब्रदर. 'जय ख्रिस्त' म्हणणारा जुना मिशनातला आणि 'प्रेज द लॉर्ड' म्हणणारा नव्या मंडळीतला, हे कोल्हापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. 'विश्वासी' हा शब्द तर असा आहे की तो ज्यांच्याबद्दल वापरत नाहीत त्यांनाच जास्त ऐकू येतो.

आणि प्रार्थनेतलं एक वाक्य. दर रविवारी आम्ही प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणतो, त्यात 'पवित्र सार्वत्रिक मंडळी'वर विश्वास आहे असं येतं. हा 'सार्वत्रिक' म्हणजे मूळचा 'कॅथलिक' हाच शब्द. हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. त्या रविवारी मी ते वाक्य म्हणताना शेजारी बसलेल्या आईकडं पाहिलं. ती डोळे मिटून म्हणत होती.

आता भाच्याचं सांगते, कारण माझं मत तिथं पक्कं झालं.

माझ्या भावाचा मुलगा पुण्याला शिकायला होता. करोनाच्या काळात चर्च बंद, मुलं खोलीत कोंडलेली. तेव्हा तो मोबाइलवर एका शिक्षकाची प्रवचनं ऐकायला लागला. बोलणं गोड, मराठी स्वच्छ, बायबल तोंडपाठ. कुठल्या मंडळीचे असं कुणी विचारलं की ते सांगायचे, आम्ही कुठल्याच पंथाचे नाही, आम्ही फक्त वचन मानतो. भाच्याला ते फार आवडलं. वीस-बावीसच्या वयात कुणालाही आवडेल. वर्षभरानं दिवाळीच्या सुट्टीत घरी आला आणि म्हणाला, "आत्या, माझा लहानपणचा बाप्तिस्मा खोटा होता. नुसतं पाणी शिंपडलं होतं." पुण्याजवळ कुठंतरी शेततळ्यात बुडवून त्यानं दुसरा बाप्तिस्मा घेतला होता. भाऊ काही बोलला नाही. उठून गच्चीवर गेला. त्याच्या लहानपणच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी आमचे वडील जिवंत होते, त्यांनीच पोराला हातात धरून पाळकसाहेबांपुढं नेलं होतं.

मला भाच्याच्या नव्या बाप्तिस्म्याचं दुःख नाही. मोठं होऊन, समजून, स्वतःच्या तोंडानं कबुली देऊन पाण्यात उतरावं, या विचारामागं रक्त सांडलेलं आहे. 1525 च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना असा बाप्तिस्मा दिला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला दोनच वर्षांनी तिथल्या लिमाट नदीत बुडवून मारलं, आणि मारणारे प्रोटेस्टंटच होते. बाप्टिस्टांनी, ब्रदरेनांनी, मेनोनाइटांनी तो विचार आपापल्या परीनं शतकानुशतकं जपला. दुसऱ्या बाजूला लेकराला आईबापाच्या विश्वासावर मंडळीत घेण्याची रीतही तितकीच आदरानं जपलेली आहे. पाचशे वर्षं शहाणी, देवभीरू माणसं या दोन बाजूंना उभी आहेत. आणि माझ्या भाच्याला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, एकीकडं बायबल आहे आणि दुसरीकडं त्याचे आजोबा.

कारण सांगणाऱ्यानं आपली जागा सांगितली नव्हती. "मी अमुक परंपरेतला, आमच्यात बाप्तिस्मा मोठेपणी देतात, त्याची कारणं ही, दुसऱ्यांची कारणं ती," एवढं त्यांनी म्हटलं असतं तर पोरानं तोच निर्णय घेतला असता कदाचित, पण आजोबांना खोटं ठरवून घेतला नसता. मी त्याला सीएनआयचं सांगितलं. 1970 साली जेव्हा बाप्टिस्ट आणि अँग्लिकन एका मंडळीत आले तेव्हा त्यांनी बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती शेजारी शेजारी ठेवल्या. लेकराचा बाप्तिस्मा हवा त्याला तो, मोठेपणीचा हवा त्याला तो. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे मला कुणी सांगितलंच नाही."

कुणी सांगितलं नाही, हे आमचंही पाप आहे. तीस वर्षं संडे स्कूलला शिकवताना मी मुलांना नोहाचं तारू रंगवायला दिलं, पण आपण प्रेस्बिटेरियन म्हणजे काय आणि पलीकडच्या गल्लीतले कॅथलिक म्हणजे काय, हे एकदाही समजावलं नाही. भांडण नको म्हणून.

पंथाशिवायचा ख्रिस्ती असणं ही आपल्याकडं नवी गोष्ट नाही, आणि मी तिचा अनादर करणार नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, अँग्लिकन मंडळीत. तिथं पोचल्यावर त्यांना दिसलं की ख्रिस्ती देशांतसुद्धा पंथांचा नुसता गलबला आहे. पुढं त्यांनी त्याला बाबेलची उपमा दिली. आपल्याला सांभाळणाऱ्या भगिनींना त्यांनी कळवलं की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण पाद्र्यांच्या आणि बिशपांच्या तोंडचा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. केडगावला त्यांची मुक्ती मिशन ही संस्था उभी राहिली ती एका पंथाच्या पाटीखाली नव्हे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, मुंबईतला. अमेरिकन मराठी मिशनात बावीस वर्षं काढून 1917 मध्ये ते मिशनाच्या बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. 1919 मध्ये टिळक गेले.

या दोघांकडं बघताना मला एक गोष्ट दिसते. त्यांनी काही लपवलं नव्हतं. रमाबाई कुठं आणि कुणाच्या हातून ख्रिस्ती झाल्या, कुणाशी त्यांचं काय पटलं नाही, हे सगळं पत्रोपत्री लिहिलेलं आहे. टिळक कुठल्या मिशनातून बाहेर पडले आणि का, हे उभ्या महाराष्ट्राला माहीत होतं. पंथ ओलांडायचा तर आधी आपण कुठल्या पंथात उभे आहोत ते सांगावं लागतं. आजकाल मोबाइलवर जे 'आम्ही कुठल्याच पंथाचे नाही' ऐकू येतं त्यातलं बरंचसं असं नसतं. त्यामागं एक ठरलेली शिकवण असते, ठरलेला बाप्तिस्मा असतो, ठरलेलं दशमांशाचं खातं असतं. फक्त नाव नसतं.

प्रेषित पौलाला हे दोन हजार वर्षांपूर्वी दिसलं होतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. करिंथच्या मंडळीत गट पडले होते. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा), असं जो तो म्हणत होता. आम्ही लहानपणी हे वचन पाठ केलं ते गटबाजी वाईट म्हणून. पण त्या यादीत चौथं नाव आहे, ते आम्ही वाचून पुढं जायचो. "मी ख्रिस्ताचा." पौल त्यालाही त्याच यादीत बसवतो. म्हणजे बाकीचे माणसांचे आणि आपण तेवढे ख्रिस्ताचे, असं म्हणणाऱ्यांचाही तिथं एक गटच झाला होता.

आमचं कोल्हापूर या बाबतीत मला आवडतं. इथं कुणी आपली जागा झाकत नाही. ओळख झाली की दुसरा प्रश्न 'कुठली पेठ?' आणि तिसरा 'कुठली तालीम?' शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना असला की निम्मं गाव एका बाजूला आणि निम्मं दुसऱ्या. घसे बसेपर्यंत ओरडतात. पण प्रत्येकाच्या अंगावर आपल्या तालमीचा रंग असतो, आणि म्हणूनच सामना सामना राहतो. रंग न घालता मैदानात उतरून चेंडू मारणाऱ्याचं काय करायचं ते पंचालाही कळणार नाही.

वडील दसरा चौकातून जाताना बोर्डिंगांच्या पाट्या दाखवायचे. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, तिकडं मराठा बोर्डिंग, मिस क्लार्क बोर्डिंग. राजर्षी शाहूंनी जातीजातीची, धर्माधर्माची वसतिगृहं काढली तेव्हा यानं भेद वाढेल असं म्हणणारेही होते. वडिलांचं म्हणणं, खेड्यातलं पोर घाबरत शहरात यायचं तेव्हा त्याला आपली म्हणावी अशी एक पाटी दिसायला हवी होती. रात्री झोपायला आपल्या बोर्डिंगात, सकाळी शिकायला सगळे राजाराम कॉलेजात एका बाकावर. "पाटी कुणाला आत घ्यायची आहे का कुणाला बाहेर ठेवायची, ते बघायचं," म्हणायचे. वडील शिक्षक होते, त्यांची वाक्यं फळ्यावर लिहिल्यासारखी असायची.

एक शंका राहते, ती मी थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेप्रमाणं आम्ही साधारण 10 लाख 80 हजार, शंभरात एकसुद्धा नाही. इंग्रजांच्या काळात जनगणनेत ख्रिस्ती माणसाचा पंथही नोंदवायचे, आता एका शब्दात काम भागतं. मुळात मूठभर, त्यात 'ख्रिस्ती' एवढंसुद्धा उघड सांगताना कचरणारी माणसं मला माहीत आहेत आणि त्यांची कारणं खरी आहेत. नोकरीची, दाखल्याची, शेजाऱ्यांची. त्यांना मी कुठलीच पाटी लावा म्हणणार नाही. शेजारच्या काकूंनी "तुमच्यात मेरीला मानतात का वो?" विचारलं तर मीही पंथांचा इतिहास काढत नाही, नाताळचा फराळ देते आणि आईची गोष्ट सांगते. बाहेरच्या माणसाशी बोलताना 'ख्रिस्ती' पुरेसं आहे. माझं म्हणणं आपल्या आपल्यातल्या बोलण्याबद्दल आहे.

शेवटी दोघा अ‍ॅडमिनना मी जे सांगितलं ते असं. ग्रुपवर जो शिकवतो त्यानं आपली मंडळी लिहायची. प्रवचन पाठवायचं, वचनाचा अर्थ सांगायचा, कुणाच्या बाप्तिस्म्यावर, लग्नावर, जपमाळेवर बोलायचं, वर्गणी मागायची, तर वर आधी एक ओळ: मी अमुक मंडळीचा. मीसुद्धा लिहीन. आणि जो प्रार्थना मागायला येतो त्याला कुणी, कधीही, काहीही विचारायचं नाही. त्यानं आपण होऊन सांगितलं तर ऐकायचं.

पहिल्या अ‍ॅडमिनला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, पहिल्या ओळीत मंडळीचं नाव दिसलं की लोक पुढचं वाचणारच नाहीत, कॅथलिक म्हटलं की निम्मे अंगठा वर सरकवतील. तो चुकत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत तसंच झालं, दोन कुटुंबं ग्रुप सोडूनही गेली. पण त्याच महिन्यात गडहिंग्लजच्या एका कॅथलिक गुरुजींनी, वर आपली मंडळी लिहून, उपासकाळाबद्दल चार ओळी टाकल्या, आणि पेंटेकॉस्टल मंडळीतल्या एका मुलीनं त्यांना विचारलं की चाळीस दिवस उपास करताना तुम्ही नक्की काय खाता. भांडायला नाही, तिला करून बघायचा होता म्हणून. त्यांनी सविस्तर उत्तर दिलं, भाजीसकट. आमच्या ग्रुपच्या सहा वर्षांत असं बोलणं मी पहिल्यांदा पाहिलं.

हा नियम करण्याआधी मला एक काम करायचं होतं, ते मी आठ दिवस टाळत होते. त्या नंबरवर फोन केला. दुपारची वेळ. मी कोण ते सांगितलं आणि त्या रात्री मी जागी होते, वाचत होते, काही लिहिलं नाही, हेही सांगितलं. माफी मागितली. पलीकडं थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"पोरगं घरी आलंय ओ," ती म्हणाली. "जेवतंय आता. भात मागतंय सारखा."

मी म्हटलं, देवाची कृपा. मग दोघींनाही काय बोलावं सुचेना.

"ताई, तुम्ही कुठल्या मंडळीच्या?" तिनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. वायल्डर चर्च, डावीकडून तिसरं बाक, कोडोली. आणि आई आजरा तालुक्यातली. गावाचं नाव सांगितलं तशी ती म्हणाली, तिथं तिच्या मावशीचं सासर आहे, चर्चच्या मागच्या आळीत. माझ्या आजोळच्या घराची खूण तिनं मला सांगितली. दारात फणस होता ना? होता. आता तोडला, म्हणाली, रस्ता मोठा केला तेव्हा.